पाठीमागचा सोफा

जुने साहेब निवृत्त होणार हे मला ऑफिसात सगळ्यांच्या आधी कळलं. ते केबिनमधून बायकोशी फोनवर बोलायचे आणि माझं टेबल त्यांच्या दाराला लागून होतं. खरेदी विभागप्रमुखाची त्यांची जागा रिकामी होणार होती आणि ती मला हवी होती. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण नंतर ऑफिसात असं पसरवलं गेलं की मॅडमना, म्हणजे मला, जागेचं काही नव्हतं, त्यांना फक्त मान हवा होता. मान मला पोटभर मिळत होता. दरवर्षी दिव्यांग दिनाला कॅन्टीनमध्ये मला उभं करून हातात गुलाब द्यायचे, माझ्या हातून केक कापून घ्यायचे आणि फोटो कंपनीच्या पानावर टाकायचे. एका वर्षी तर केकवर माझंच नाव लिहिलं होतं. ते मला कोणी वाचून दाखवलं नाही, दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये बोलण्यातून कळलं. मला मान नको होता, सहीचा अधिकार हवा होता.

आमची कंपनी अंधेरी पूर्वेला. शाम्पू, केसांचं तेल, क्रीम असला माल. त्यासाठी लागणाऱ्या बाटल्या, बुचं, लेबलं आणि पुठ्ठ्याचे खोके विकत घेणं हे माझं काम. मी पूर्ण अंध आहे, पण जन्मापासून नाही. लहानपणी फक्त अंधार पडला की दिसायचं नाही. कॉलेजात फळा गेला. नोकरीला लागले तेव्हा खूप मोठी केलेली अक्षरं तेवढी दिसत होती, आणि तिशी उलटल्यावर खिडकी कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा कळेनासं झालं.

नोकरी मिळाली ती टेलिफोन ऑपरेटरची. अंध मुलगी म्हणजे ऑपरेटर, हे तेव्हा ठरलेलंच असायचं. जुन्या साहेबांना भाव करायची लाज वाटायची. ते मला सांगायचे, "त्याला जरा फोन लाव आणि तूच सांग ना, काहीतरी कमी कर म्हणावं." मी 'काहीतरी'वर थांबायचे नाही. घाटकोपरच्या मंडईत, बाजार उठायच्या वेळी, आईबरोबर पिशवी धरून उभं राहण्यात माझं बालपण गेलंय. भाजीवाला "परवडत नाही ताई" असं कुठल्या स्वरात म्हणाला की त्याला खरंच परवडत नाही, आणि कुठल्या स्वरात म्हणाला की टोपली रिकामी करून घरी जायची घाई आहे, हे मला पाढ्यांच्या आधी कळायला लागलं होतं.

काही वर्षं मी ऑपरेटरच्या पगारात साहेबांचे सौदे केले. त्याच काळात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मटेरियल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला, स्वतःच्या खर्चाने. प्रत्येक परीक्षेला माझी उत्तरं लिहून देणारा लेखनिक शोधत लोकांच्या दारात उभी राहिले. कंपनीने मला आजवर पाठवलं ते एकाच प्रशिक्षणाला. त्यात दिवसभर टाळ्या वाजवायला लावल्या. डिप्लोमा हातात आल्यावर एका सकाळी मी साहेबांना सांगितलं, "आजपासून मी फक्त फोन जोडून देईन. बोलायचं तुम्ही."

साहेब हसले. "रागावलीस काय गं?"

"नाही साहेब. ऑपरेटरचं काम ऑपरेटरसारखं करते."

महिना संपायच्या आत माझं टेबल खरेदी विभागात आलं.

साहेबांच्या निवृत्तीचं जाहीर झाल्यावर डायरेक्टरने, म्हणजे मालकांच्या मुलाने, मला आणि माझ्या बाजूच्याला बोलावलं. बाजूचा म्हणजे बाजूच्या टेबलावरचा, एमबीए झालेला, तिशीचा, गोड बोलणारा. तो कच्चा माल बघायचा. डायरेक्टर म्हणाले, "एक वर्ष बघूया. मॅडम पॅकिंग, तू रॉ मटेरियल. कंपनीचा पैसा जो जास्त वाचवेल, त्याला जागा." मी बाहेर आले तेव्हा मला आतल्या आत हसू येत होतं. पॅकिंगमधल्या एकेका माणसाला मी वर्षानुवर्षं ओळखत होते. कोण खोटं बोलताना चहाचा कप खाली ठेवतो आणि कोण घसा खाकरतो, सगळं मला ठाऊक होतं.

त्याच महिन्यात ऑफिसची मोडतोड सुरू झाली. मधली लाकडी पार्टिशनं गेली, सगळं मोकळं झालं. मी भिंतीकडेची जागा मागितली होती. डायरेक्टर म्हणाले, "मॅडम, हा बघा प्लॅन, आर्किटेक्टने फार विचार करून केलाय." मला प्लॅन दाखवला! मी त्या गुळगुळीत कागदावरून बोटं फिरवली आणि तो परत दिला. माझं टेबल मधोमध आलं. पाठीमागे भेटायला येणाऱ्यांसाठी रेक्झिनचा सोफा ठेवला. कोणी बसलं की तो मोठा उसासा टाकायचा. माल विकायला येणारे आधी तिथे बसायचे, मी बोलावलं की टेबलाला वळसा घालून समोरच्या खुर्चीवर यायचे.

माझी कामाची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझा कॉम्प्युटर बोलतो. स्क्रीनवर जे असेल ते डाव्या कानातल्या इअरफोनमध्ये मला वाचून दाखवतो, तेही इतक्या वेगाने की शेजारच्याने इअरफोन कानाला लावला तरी त्याला फक्त माशी गुणगुणल्यासारखं वाटेल. समोर माणूस बसला की एक शीट मी उघडी ठेवते. तिच्यात तीन आकडे असतात: मी बोलायला सुरुवात करते तो, मला हवा असलेला, आणि शेवटचा, ज्याच्या वर मी उठून उभी राहते. डाव्या कानात आकडे, उजव्या कानात माणूस. शेवटचा आकडा मी घरी नवऱ्यालाही सांगत नसे.

स्क्रीन मला लागत नाही. म्हणून या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन काळी ठेवायची सोय असते आणि ती माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर कायम चालू होती. ऑफिस नवं झालं तेव्हा सगळ्यांना नवे कॉम्प्युटर आले. आयटीवाल्याने सॉफ्टवेअर नव्याने टाकलं आणि माझ्या जुन्या सगळ्या सवयी त्यात उतरवल्या. "मॅडम, ऐकून बघा." तोच आवाज, तोच वेग. मी म्हटलं, "झकास."

आणि त्यानंतर माझं काम बिघडायला लागलं.

आधी मला कळेना काय होतंय. बाटलीवाला यायचा, पूर्वीसारखा डिझेलचं रडगाणं गायचा नाही. चहा प्यायचा, पंख्याचं कौतुक करायचा आणि माझ्या शेवटच्या आकड्याच्या केसभर खाली येऊन बसायचा. मी "परवडत नाही" म्हणायचे. तो म्हणायचा, "बघा मॅडम, तुमची मर्जी." आवाजात घाई नाही, भीती नाही. लेबलवाल्याचं तेच. पंधरा-वीस वर्षं मी ज्यांचे श्वास ऐकून भाव पाडले, ते सगळे एकदम शांत झाले. मी शेवटचा आकडा गुपचूप खाली आणून बघितला, तर बाटलीवालाही बरोबर तेवढाच खाली आला.

म्हणजे कोणीतरी फोडतंय. मी पासवर्ड बदलला. मग पुन्हा बदलला. मला रात्रंदिवस एकच सुचत होतं, वर्ष संपत चाललंय आणि माझ्या नावावर काही जमा होत नाहीये. बाजूच्याचं मात्र ठीक चाललं होतं. शेवटी एका दुपारी माझा ताबा सुटला. मी उभी राहिले आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारलं, "माझी शीट कोण उघडतं?"

टायपिंग थांबलं. बाजूचा म्हणाला, "मॅडम, तुमच्या शीटला हात लावायची कोणाची हिंमत आहे?"

मागे अकाउंट्सच्या बाजूला कोणीतरी नाकातून हसलं. ते हसू तेव्हा मला कळलं नाही. आता रोज कळतं.

मला खरं सांगितलं ते खोकेवाल्याने. भांडुपला त्याचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, मूळचा मालवणकडचा, वयाने माझ्याहून बराच मोठा. आम्ही दोघं इतकी वर्षं भांडत आलो होतो की ऑफिसातले लोक आमचं भांडण ऐकायला काम थांबवायचे. त्या दिवशी तो समोर येऊन बसला. मी माझा पहिला आकडा सांगितला. तो काहीच बोलला नाही.

"काय काका, मुके झालात?"

"बाय, आधी तो तुझा टीव्ही बंद कर."

"कसला टीव्ही?"

"हा गो, समोरचा. एवढी मोठी अक्षरं लावून ठेवलीयस. सोफ्यावर बसून चष्म्याशिवाय वाचतो मी."

"काय वाचता?"

त्याने माझे तिन्ही आकडे वाचून दाखवले, पैशांसकट. शेवटचा आधी.

माझी दृष्टी थोडी शिल्लक होती त्या काळात मी अक्षरं वाढवून वाढवून एकेक आकडा वितीएवढा केला होता. ती सवय कॉम्प्युटरमध्ये तशीच राहून गेली होती. जोवर स्क्रीन काळी होती तोवर काय फरक पडत होता? आयटीवाल्याने आवाज उतरवला, वेग उतरवला, मोठी अक्षरंही उतरवली. स्क्रीन काळी करायची तेवढी राहून गेली. मी हात पुढे केला आणि स्क्रीनला तळवा लावला. काच कोमट लागत होती.

"कधीपासून दिसतंय?"

"ऑफिस नवं झालं तेव्हापासून."

"आणि आज सांगताय?"

"मग काय पहिल्याच दिवशी सांगू? धंदा करतो गो मी."

"मग आज तरी कशाला सांगितलंत?"

"परवा आलो तर तो वसईचा खोकेवाला सोफ्यावर बसलेला, मस्त पाय पसरून. तो वाचायला लागला तर माझी वाट लागली ना."

मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही एवढंच केलं असतं, कदाचित आणखी एखादी ऑर्डर जास्त काढली असती. तो समोरच्या बाजूचा माणूस. राग आला तो माझ्या बाजूच्यांचा. खोकेवाला गेल्यावर मी खुर्ची वळवली.

"तुला दिसत होतं?"

"काय मॅडम?" बाजूचा म्हणाला.

"माझी स्क्रीन."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

"मला कसं माहीत असेल रे?"

"नाही म्हणजे, एवढं मोठं केलंय म्हणजे तुम्हाला थोडंफार दिसत असेल असं वाटलं."

"इतकी वर्षं बाजूला बसतोस. कॅन्टीनमध्ये माझ्या ताटात काय वाढलंय ते तू सांगतोस मला. आणि मला दिसत असेल असं वाटलं?"

"मॅडम, तुम्हाला काही सांगायला गेलं की तुम्ही अंगावर येता ना. मागे ड्रेस उलटा आहे म्हणून सांगितलं तर दोन दिवस बोलला नाहीत."

अकाउंट्सच्या बाई मध्ये पडल्या. "अगं, आम्हाला काय कळतं त्यातलं? तो आकडा सीक्रेट असतो हे कोणाला माहीत?" म्हणजे त्याही वाचत होत्या. सगळा मजला वाचत होता. चहा घेऊन येणारा वाचत होता, कुरिअरवाला वाचत होता. वर्षभर मी त्या मोकळ्या हॉलच्या मधोमध माझं सगळ्यात आतलं काम वितीएवढ्या अक्षरांत मांडून, कानात इअरफोन घालून, मोठ्या हुशारीने बसले होते.

बाजूच्याने मुद्दाम केलं की नाही हे मला सिद्ध करता येणार नाही. तसा मी प्रयत्नही केला नाही. पण ज्या खरेदीवर माझी आणि त्याची तुलना व्हायची होती, ती खरेदी रोज त्याच्या डोळ्यांसमोर बुडत होती आणि तो मला ताटात फ्लॉवर आहे की कोबी हे सांगत होता. त्याला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये बोलले नाहीत, आणि शांतपणे ऐकणारा समोरचा माणूस मला कधीच आवडत नाही. सौदा आधीच झालेला असला की माणसं अशी शांत ऐकतात.

"मॅडम, मला खूप वाईट वाटलं. खरंच. पण मीटिंग मागच्या आठवड्यात झाली. त्याचं नाव फायनल आहे."

"ते नाव ज्या आकड्यांवर ठरवलंत ते आकडेच खोटे आहेत. मला आणखी सहा महिने द्या. भिंतीकडची जागा द्या. मग बघा."

"तुम्ही माझ्या जागी बसून विचार करा. उद्या सगळ्या कंपनीची खरेदी तुमच्या हातात आणि असं काही परत झालं तर? तुम्हाला तर कळणारही नाही."

"हे माझ्या डोळ्यांमुळे नाही झालं. तुमच्या सोफ्यामुळे झालं. सॉफ्टवेअर तुमच्या माणसाने टाकलं. जागा मी मागितली होती, तुम्ही मला प्लॅन दाखवलात."

"तुम्ही इमोशनल होताय मॅडम."

मी भाव करत होते आणि त्यांना मी रडतेय असं वाटत होतं. मी टेबलावर हात आपटला. त्यांचा पेनस्टँड खाली पडला. ते खाली वाकून पेनं गोळा करत होते आणि मी उभी होते. यांनी मला आडवं पाडलं आणि मी आडवी पडते हेच कारण म्हणून पुढे केलं. त्याला उत्तर कसं देतात हे कुठल्या मंडईत शिकवत नाहीत.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना यार ती कंपनी. दुसरी बघू." तो असं सहज म्हणू शकतो. त्याने नोकऱ्या सोडल्यात आणि त्याला लागल्याही आहेत. तरी मी अर्ज केले. एका ठिकाणाहून बोलावणं आलं, वांद्र्याच्या बीकेसीत, चकचकीत ऑफिस, लिफ्टसुद्धा बोलणारी. दोघं जण होते, एक बाई आणि एक पुरुष.

"तुम्ही एकट्याच आलात?" बाईंनी विचारलं.

"हो."

"वॉव."

मग घरी कोण कोण असतं, जेवायला मदत लागते का, आग लागली तर जिना उतरता येईल का, हे झालं. मी किती माल विकत घेतलाय, कोणाकडून घेतलाय, भाव कसा पाडते, यातलं एकही अक्षर विचारलं नाही. मी स्वतःहून सांगायला लागले तर पुरुष म्हणाला, "ते तुमच्या सीव्हीत आहे." शेवटी बाई म्हणाल्या, "खरेदीत आत्ता काही नाहीये. पण कस्टमर केअरला एक जागा आहे. तुमचा आवाज फार छान आहे."

परत टेलिफोन. मी आभार मानले. काठी उघडली आणि बाहेर आले. रस्ता ओलांडायला एक माणूस मी न विचारता माझा दंड धरून मला नेऊ लागला, तर त्याच्यावर ओरडले. तो बिचारा "सॉरी सॉरी" करत गेला आणि मी बराच वेळ त्याच फुटपाथवर उभी राहिले.

मी आयुष्यभर समोरच्याला एकच गोष्ट जाणवू दिली होती, की मी या खुर्चीवरून कधीही उठून जाऊ शकते. ती जाणवली की भाव उतरतो. त्या संध्याकाळी मला कळलं की डायरेक्टरांना माझ्याबद्दल हे आधीपासून माहीत होतं: ही उठून जाणार नाही, हिला जायला जागा नाही. ते त्यांना कुठल्या स्क्रीनवर वाचावं लागलं नव्हतं.

नंतर मला 'वरिष्ठ सल्लागार' केलं. फोटोसह मेल गेला. मी त्यातही भांडले. पगार थोडा वाढवून घेतला, पाठीमागचा सोफा हलवून घेतला, माझ्यामागे छतापर्यंत पार्टिशन उभं करून घेतलं. सहीचा अधिकार मागितला. त्याला नाही म्हणाले. माल विकायला येणारे आता काचेच्या मीटिंग रूममध्ये बसतात, नव्या साहेबांसमोर. नवा साहेब म्हणजे बाजूचा. सकाळी मी त्याला तीन आकडे मेल करते, भांडायला तो बसतो. पहिल्या दिवशी चुकीचा आकडा पाठवावा असं मनात आलं होतं. पाठवला नाही. पाठवला असता तर त्यांना हवं होतं ते कारण मी स्वतःच्या हाताने दिलं असतं.

मागच्या महिन्यात खोकेवाला आला होता. आत साहेबांबरोबर त्याचं लवकरच आटपलं, चहा यायच्याही आधी. बाहेर पडताना तो माझ्या पार्टिशनमागे आला आणि खुर्ची न ओढता तसाच उभा राहिला.

"काय बाय, बरी आहेस?"

"बरी आहे. झालं?"

"झालं की. माणूस चांगला आहे तुमचा. लवकर हो म्हणतो."

"कितीला दिलंत?"

त्याच्या हातातल्या पिशवीची कडी वाजत होती. मग तो समजुतीच्या स्वरात बोलला. इतक्या वर्षांत त्या स्वरात तो माझ्याशी एकदाही बोलला नव्हता.

"ते आता तुला कसं सांगू गो? तुमच्या साहेबांना विचार."

"हो," मी म्हटलं. "विचारते."